सेंटर बॅक, पंचविशी तोंडावर आणि रेल्वेची जाहिरात

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा मुलगा नागपूरजवळच्या कामठीकडचा, वय चोवीस, सेंटर बॅक, म्हणजे आपल्या गोलसमोर मधोमध उभा राहणारा डिफेंडर. शाळेत स्ट्रायकर होता, नववीत उंची वाढली तसं सरांनी मागे टाकलं आणि तो मागेच राहिला. ज्युनिअर स्टेट, युनिव्हर्सिटी, मग मुंबईकडे क्लब फुटबॉल, आय-लीगमध्ये दोन सीझन, मधे डाव्या गुडघ्याचं एसीएलचं (सांधा धरून ठेवणाऱ्या लिगामेंटचं) ऑपरेशन. बी.ए.चं शेवटचं वर्ष राहून गेलंय. सध्या घरी आहे. बाहेरच्या राज्यातल्या एका क्लबने फोनवर ऑफर दिलीय, एक सीझन, महिन्याला पस्तीस हजार, राहणं-जेवण त्यांचं. पण याच क्लबने त्याच्या एका दोस्ताचा पगार मागच्या वर्षी तीन महिने लटकवला होता. दुसरीकडे रेल्वेची स्पोर्ट्स कोट्याची जाहिरात निघालीय. बाबा वेकोलित (कोळसा खाणींच्या सरकारी कंपनीत), पुढच्या वर्षी रिटायर होतील, म्हणजे क्वार्टरही जाईल. लग्न ठरलंय, मुलगी नर्स आहे, ती म्हणते "तू काही पण ठरव, फक्त ठरव." गेल्या सीझनच्या शेवटच्या मॅचला त्याचा बॅक पास छोटा पडला, गोल झाला, आणि ती क्लिप मोहल्ल्याच्या ग्रुपवर अजून फिरते. तो विचारतो की डिफेंडरला या देशात कोण ओळखतं, पंचविशीला आलो आणि नाव झालं नाही म्हणजे संपलंच ना, आणि रेल्वेत गेलो तर दहा वर्षं पाण्यात गेली असं नाही का होणार.

भाऊ, पत्र मोठं आहे आणि त्यात बाबा काय म्हणतात, काका काय म्हणतात, चौकातले पोट्टे काय म्हणून राहिलेत हे सगळं आलंय, पण तुला स्वतःला खेळायला आवडतं की नाही हे सरळ कुठेच लिहिलं नाहीस. मी शोधलं. एकाच ठिकाणी सापडलं, शेवटच्या पानावर, जिथे तू लिहितोस की बॉल घेऊन येणाऱ्याच्या पायांकडे बघायचंच नाही, कमरेकडे बघायचं, आणि त्याला हळूहळू टचलाइनकडे नेत जायचं, म्हणजे टॅकल करायची पाळीच येत नाही, आणि हे करताना बाजूच्या पोराला ओरडून सांगत राहायचं की तू मागे थांब. एवढ्या चार ओळी लिहिताना तू मजेत होतास, ते कळतं. बाकीचं पत्र थकलेल्या माणसाचं आहे. त्या चार ओळी मी बाजूला काढून ठेवल्यात, पुढे लागतील.

आधी ती क्लिप, कारण तू तिच्यावर दीड पान लिहिलंयस आणि गुडघ्यावर फक्त तीन ओळी. स्ट्रायकर पाच चान्स घालवतो, सहाव्याला गोल मारतो, दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचाच फोटो. तू नव्वद मिनिटं नीट उभा राहिलास म्हणून जे गोल झालेच नाहीत त्यांची क्लिप निघत नाही, कशी निघणार, काही घडलंच नाही ना. तुझ्यावरच अन्याय झालाय असं समजू नको, या जागेचा हिशोब जगभर असाच आहे. बॅलन डी'ऑर हा फुटबॉलपटूंचा सगळ्यात मोठा पुरस्कार १९५६ पासून देतात आणि इतक्या वर्षांत डिफेंडर म्हणून नावं येतात ती बेकनबाउअर, मथियास सामर आणि २००६ चा फाबियो कानावारो, बस. (तू पाच-दहा आहेस आणि उंची कमी पडते असं लिहिलंयस. कानावारो पाच-नऊ होता आणि सेंटर बॅकच होता. उंचीची भानगड इथेच मिटवू.)

म्हणजे नाव होत नाही ही तक्रार खरी आहे. पण निर्णय तिच्यावर घेऊ नको. बॅकलाइन कोण सांभाळतो हे क्लबच्या कोचला माहीत असतं, गोलकीपरला माहीत असतं, मोहल्ल्याला नसतं, आणि तुझा पगार काही मोहल्ला देत नाही.

आणि तू म्हणतोस की पंचविशीत नाव नाही म्हणजे संपलं. हे कोणी सांगितलं रे? विंगरच्या बाबतीत म्हणाला असतास तर मी थोडं ऐकलं असतं, त्याचा सगळा धंदा स्पीडवर. सेंटर बॅकला मॅच वाचावी लागते आणि ते वयाबरोबर वाढतं. मुंबईचा राहुल भेके बघ, आपला मराठी पोरगा, मुंबई एफसी, ईस्ट बंगाल असं करत करत वर आला, इंडियाकडून पहिली मॅच २०१९ मध्ये, तेव्हा वय अठ्ठावीस. त्याच वर्षी मार्चमध्ये आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल मुंबईत झाली, बंगळुरू विरुद्ध गोवा, जादा वेळेत कॉर्नर आला आणि याने हेडर मारून बंगळुरूला कप आणून दिला. २०२२ मध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबची ती पहिली जीत, त्यातही एक गोल याच्याच डोक्याचा. २०२४ चा आयएसएल कप मुंबई सिटीने जिंकला तेव्हा कॅप्टन हाच. आणि केरळचा अनस एडथोडिका, मलप्पुरमचा, घरची परिस्थिती अशी की रिक्षा चालवलेली, इंडियाकडून पहिल्यांदा उतरला २०१७ मध्ये, तीस वर्षांचा असताना.

पण लगेच बॅग भरू नको. ही नावं मी सांगू शकते कारण ती पोचली. याच काळात याच जागी खेळणारे कितीतरी सत्ताविसाव्या वर्षी गावी परतले आणि त्यांची नावं मला सांगता येत नाहीत. शिवाय भेके काय, अनस काय, पंचविशीत घरी बसलेले नव्हते, खेळत होते, मिनिटं मिळत होती. मी वयापेक्षा तेच बघेन, मागच्या बारा महिन्यांत तू किती मिनिटं मैदानावर होतास. पत्रात तो आकडा नाही. काढ. सगळ्या मॅचेस आठव, कुठे सुरुवातीपासून होतास, कुठे शेवटची दहा मिनिटं, कुठे नुसता बेंचवर, आणि लिहून काढ. नव्या क्लबलाही तोच प्रश्न घाल की तुमच्याकडे सेंटर बॅक किती आणि मी कितवा. उत्तर गुळमुळीत आलं तर चौथा समज. चौथ्या सेंटर बॅकला पस्तीस हजार वेळेवर मिळाले तरी सीझन संपल्यावर दाखवायला काही नसतं.

दिलासा म्हणून एक गोष्ट. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी मैदानावर चारच परदेशी खेळाडू चालतात, म्हणजे सात जागा आपल्या पोरांच्या. परदेशी पैसा सगळ्यात आधी जातो स्ट्रायकरवर आणि त्याच्या मागून गोलचे पास देणाऱ्या दहा नंबरवर, मग एखाद्या सेंटर बॅकवर. साइडच्या बॅकच्या जागा बहुतेक भारतीयांनाच मिळतात. तेव्हा सरांनी नववीत तुला मागे टाकलं ती शिक्षा होती असं जे तू अजून मनात धरून बसलायस ते सोड, पुढे राहिला असतास तर तुझी जागा एखाद्या परदेशी स्ट्रायकरने खाल्ली असती. आणि दोन जागा खेळता येऊ दे. भेके सेंटरलाही खेळतो आणि राइट बॅकलाही, म्हणून कोणत्याही कोचच्या टीममध्ये बसतो. तू लिहिलंयस की डावा पाय बरा चालतो. मग लेफ्ट बॅकची सवय लावून घे, डाव्या पायाचे बॅक कमीच असतात.

आता रेल्वे. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

तुझ्याकडे दोन मुदती आहेत आणि त्या सारख्या नाहीत. सेंटर बॅक म्हणून तुझं शरीर, गुडघ्याने साथ दिली तर, अजून सात-आठ वर्षं चालेल. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यात वय १८ ते २५, आणि त्यात सवलत नाही, राखीव प्रवर्गालाही नाही. वय कोणत्या तारखेला मोजणार ते जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते आधी बघ. पुढच्या जाहिरातीला तू बसशील की नाही याचा भरवसा नाही, क्लब पुढच्या वर्षीही असतील. म्हणजे जो दरवाजा आधी बंद होणार तिथे आधी पाय ठेवायचा, एवढं साधं आहे. फॉर्म भर. फॉर्म भरला म्हणजे नोकरी घेतली असं होत नाही. अर्ज, ट्रायल, कागदांची तपासणी, मेडिकल यात महिने जातात, तोपर्यंत तुझा अर्धा सीझन खेळूनही होईल कदाचित. तू मनातल्या मनात दोघांची कुस्ती लावून बसलायस, आणि अजून दोघांपैकी एकही हातात नाही, फोनवरची ऑफर म्हणजे हातात नाही.

आणि हो, पुढच्या वर्षी क्लब असतील म्हटलं, पण कुठला क्लब असेल हे नाही म्हटलं. आपल्याच राज्यातलं बघ. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये. भारत एफसी एकच सीझन खेळला. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी दोन्ही २०१७ मध्ये. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. तुझ्या पिढीतल्या पोरांनी ज्या क्लबांची स्वप्नं पाहिली त्यातला निम्म्याहून जास्त नकाशाच पुसला गेला. वरच्या लीगचंही तेच, भारताचं फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा २०१० चा पंधरा वर्षांचा करार संपत आला होता, पुढचं ठरत नव्हतं, आणि जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा सीझनच थांबवून ठेवला, काही क्लबांनी टीमचे पगार थांबवले. इंडियाकडून खेळलेली पोरं घरी बसून प्रॅक्टिस करत होती. तेव्हा बाबा नोकरीचा आग्रह धरतात तर त्यांना फुटबॉल कळत नाही असं म्हणू नको, त्यांना पगाराची तारीख कळते.

रेल्वेत गेलो की फुटबॉल संपलं हेही अर्धंच खरं. खात्याची टीम असते, संतोष ट्रॉफीत रेल्वेची स्वतंत्र टीम उतरते, आणि ती स्पर्धा १९४१ पासून चालू आहे. पण गोड बोलून फसवत नाही तुला. टीममध्ये जागा टिकवावी लागते, सकाळी प्रॅक्टिस आणि नंतर ऑफिस, कॅम्प नसेल तेव्हा रोजचं काम. बाहेरच्या क्लबकडून खेळायचं तर खात्याची एनओसी लागते आणि ती मिळेलच असं नाही. बाँड किती वर्षांचा ते जॉइन होण्याआधी विचार, नंतर नाही. प्रोफेशनल लीगमध्ये परत येणं तिथून अवघड आहे. हे सगळं माहीत असून मी फॉर्म भर म्हणते.

फॉर्म भरताना एक बघ. मी वाचलेल्या जाहिरातींमध्ये शंभरातले ४० मार्क ट्रायलचे असतात, ५० मान्य स्पर्धांमधल्या कामगिरीचे आणि १० शिक्षणाचे. म्हणजे मैदानापेक्षा फाइल जड. कामगिरीही जुनी चालत नाही, कोणत्या तारखेनंतरची धरणार ते दिलेलं असतं. तू आय-लीग खेळलास याचा तुला अभिमान आहे, असावाच, पण त्या तक्त्यात लीगचे सामने कसे धरतात आणि नॅशनल किंवा इंटर-युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट कसं धरतात हे भरतीच्या ऑफिसला विचारून घे. आपल्या नागपुरात तर मध्य रेल्वेचंही डिव्हिजन आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचंही, दोघांची भरती वेगळी, एकाची मुंबईहून आणि दुसऱ्याची बिलासपूरहून, दोन्हींच्या साइट बघ. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे तेही विसरू नको, त्याला सर्टिफिकेटची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते आणि बोगस सर्टिफिकेटांच्या भानगडींमुळे ते आता कागद नीट तपासतात, उशीर लागतो, म्हणून आजच सुरू कर. आणि बी.ए. पूर्ण कर बाबा. मुक्त विद्यापीठाचं सेंटर नागपुरात आहे, हॉटेलच्या रूमवर बसूनही पेपरची तयारी होते, तिथे पोरं नाहीतरी मोबाइलवर गेमच खेळत असतात.

आता गुडघा, ज्याला तू तीन ओळी दिल्यास. तू लिहितोस की डॉक्टरने फिट म्हटलंय, पण फिफ्टी-फिफ्टी बॉलला पाय आपोआप मागे येतो. मी डॉक्टर नाही. पण तू पाठवलेली क्लिप मी बघितली, आणि मला त्यात घाई दिसली नाही, मला दिसलं की तू उजव्या पायाने पास देताना डाव्या पायावर पूर्ण भार टाकलाच नाहीस. कदाचित मी चुकीचं बघतेय. तीच क्लिप फिजिओला दाखव आणि विचार. ऑपरेशननंतर मांडीची ताकद मोजून घेतली होतीस का, दोन्ही पायांची तुलना करून? साधारण ९० टक्के तरी जुळली पाहिजे असं मानतात, एका पायावर उड्या मारायच्या टेस्ट असतात, नऊ महिन्यांच्या आत परत खेळलं तर पुन्हा फाटायचा धोका वाढतो हेही आता सगळे सांगतात. तू कितव्या महिन्यात उतरलास ते लिहिलं नाहीस, आणि मला शंका आहे की क्लबला गरज होती म्हणून लवकर उतरलास. इंडियाचा सेंटर बॅक संदेश झिंगन, त्याचं २०१९ मध्ये एसीएल गेलं, आख्खा सीझन बाहेर बसला, पुढच्या सीझनला नव्या क्लबकडून उभा राहिला आणि २०२१ चा फेडरेशनचा प्लेअर ऑफ द इयर झाला. लिव्हरपूलचा सेंटर बॅक व्हॅन डाइक, त्याचं ऑक्टोबर २०२० मध्ये गेलं, तोही पुढच्या सीझनपर्यंत थांबला. गुडघ्याची भीती ही लाजायची गोष्ट नाही, पण भीती असताना सेंटर बॅकला खेळणं धोक्याचं आहे, अर्धा टॅकल पूर्ण टॅकलपेक्षा जास्त दुखापत करतो. रेल्वेच्या मेडिकललाही ऑपरेशन लपवू नको, टाक्यांची खूण दिसतेच.

आणि ते नाइट टूर्नामेंट बंद कर. तू हळूच लिहिलंयस की घरी बसल्या बसल्या रोख बक्षिसाच्या सेव्हन-अ-साइड खेळतोस, एका रात्रीचे दोन-तीन हजार सुटतात. मे महिन्यात आपल्याकडची ग्राउंडं कशी होतात हे मी तुला सांगायला नको, दिवसभर ४५ डिग्रीत भाजलेली जमीन, गवताचं नाव नाही, आणि समोर एखादा हौशी भाऊ जो ऑफिसमधून येऊन सरळ तुझ्या गुडघ्यावर पडणार. त्याला उद्या कामावर जायचंय, तुझं काम तो गुडघाच आहे. खेळायचंच तर पहाटे साडेपाचला बाहेर पड, धाव, जिम कर, पोरांबरोबर पासिंग कर.

क्लबची ऑफर घ्यायची झाली तर कागदावर घे. फोन नाही, व्हॉट्सअॅप नाही. करारात बघ की पगार किती महिन्यांचा आहे, कारण सीझन आठ महिन्यांचा असेल तर पस्तीस हजार हे बारा महिन्यांत वाटून बघितले की तेवीस-साडेतेवीस होतात, आणि तू होणाऱ्या बायकोला सांगताना पस्तीस सांगतोयस. जखमी झालो तर पगार चालू राहतो का आणि किती दिवस, ऑपरेशनचा खर्च कोणाचा, इन्शुरन्स आहे का, हे त्यात लिहिलेलं पाहिजे. सरकारी नोकरी लागली तर नोटीस देऊन सोडता येईल असं एक वाक्य घालून माग, जास्तीत जास्त नाही म्हणतील. ट्रायलच्या तारखांना दोन दिवस सुट्टीही आत्ताच मागून ठेव. सही झालेली कॉपी स्वतःकडे ठेव आणि फेडरेशनच्या रजिस्ट्रेशन सिस्टिममध्ये तोच करार चढलाय का बघ, वेगळा नाही. पगार थकला तर गप्प बसू नको, तुझ्या दोस्तासारखं मॅनेजरला "सर प्लीज" करत तीन महिने काढू नको. फिफाच्या नियमांत आहे की दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यायची, तरीही नाही दिला तर करार सोडायला ते सबळ कारण धरतात, आणि आपल्याकडच्या तक्रारी फेडरेशनच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे जातात. ईमेल कर, तारीख राहते. टीडीएस कापला असेल तर रिटर्न भर, तुझ्या उत्पन्नावर बहुतेक रिफंड निघेल, खूप पोरं ते पैसे तसेच सोडून देतात.

आणि मिनिटांबरोबर व्हिडिओही जमव. नुसते सरपटून केलेले टॅकल गाणं लावून जोडू नको, कोच लोक ते बघून हसतात. प्रेशरमध्ये दिलेले पास, हवेतले बॉल, लाइन वर घेतलेली, मागे धावत जाऊन झाकलेली जागा, आणि सोबत एक अख्खी मॅच, ज्यात तुझी चूकही असेल. चूक असलेली मॅच पाठवणाऱ्या पोरावर मी तरी जास्त विश्वास ठेवीन.

आता त्या बाजूला ठेवलेल्या चार ओळी. कमरेकडे बघणं, बाहेर ढकलणं, बाजूच्याला ओरडून जागेवर ठेवणं, हे सगळं तू ज्या पद्धतीने लिहिलंस त्यावरून तू पोरांना शिकवू शकशील असं मला वाटतं, आणि मागून अख्खं मैदान समोर दिसत असल्यामुळे बरेच डिफेंडर पुढे कोचिंगला जातात. गोव्याचा महेश गावली कितीतरी वर्षं इंडियाच्या बॅकलाइनला होता, नंतर ज्युनिअर इंडिया टीमचा कोच झाला. गौरमांगी सिंगही बॅकच, तोही कोचिंगमध्ये आहे. फेडरेशनचा डी लायसन्सचा, म्हणजे कोचिंगच्या सुरुवातीच्या पायरीचा, कोर्स काही दिवसांचा असतो, खेळता खेळता करता येतो, निवृत्त होईपर्यंत थांबायची गरज नाही. नागपूर या बाबतीत गरीब नाही रे. कामठी, मोमिनपुरा इथे फुटबॉल घराघरात आहे, विजय बारसे सरांनी २००१ मध्ये इथूनच झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर ही संस्था सुरू केली आणि २०१६ मध्ये त्या संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. इथे चांगल्या बॅकला शिकवणारा कोच कमी आहे, सगळे पोरांना शूटिंगच शिकवतात. रेल्वेत गेलास तरी संध्याकाळी हे करता येईल, क्लबला गेलास तरी ऑफ सीझनला.

दहा वर्षं पाण्यात गेली का म्हणतोस. ज्या खेळामुळे तू कोट्याच्या फॉर्मला पात्र आहेस, त्याच खेळाची ती दहा वर्षं आहेत. मला यात पाणी कुठे दिसलं नाही.

माझं मत विचारशील तर असं आहे. फॉर्म भर, दोन्ही रेल्वेंकडे बघ, मेडिकल आणि ताकदीची टेस्ट या पंधरवड्यात करून घे. क्लबकडून लेखी करार आला, त्यात दुखापतीचं कलम असलं आणि तू पहिल्या दोन-तीन सेंटर बॅकमध्ये असलास तर हा सीझन खेळ, मनापासून खेळ. लेखी आला नाही तर जाऊ नको, पगार लटकवणाऱ्या क्लबचं नुसतं फोनवरचं आश्वासन घेऊन लग्न ठरलेल्या मुलाने परराज्यात जाऊ नये. आणि रेल्वेचं लेटर आलं तर घे. हे मी फुटबॉलपेक्षा नोकरी मोठी म्हणून सांगत नाही, बाबांचं क्वार्टर जाणार आहे आणि तुझा गुडघा अजून साफ नाही म्हणून सांगते. उद्या गुडघा शंभर टक्के निघाला आणि एखाद्या वरच्या क्लबने दोन वर्षांचा करार दिला, तर परत लिही, माझं मत बदलेल.

होणाऱ्या बायकोला यातलं सगळं सांग. ती "तू ठरव" म्हणते कारण तू तिला आकडे दिले नाहीस, नुसता मूड दिलास. एका संध्याकाळी तिची ड्युटी नसेल तेव्हा बसा, पस्तीसचे तेवीस कसे होतात ते दाखव, तिचा पगार किती, क्वार्टर गेल्यावर भाडं किती, आई-बाबा कुठे राहतील, तू आठ महिने बाहेर असशील तर तिने काय करायचं. नर्स आहे ती, गुडघ्याचे रिपोर्टही तुझ्यापेक्षा नीट वाचेल.

बाकी वाचणाऱ्यांपैकी ज्यांची पोरं चौदा-पंधरा वर्षांची आहेत आणि कोचने त्यांना मागे खेळवलं म्हणून जे सरांशी भांडायला जातात त्यांना, कृपा करून जाऊ नका. त्यापेक्षा पोराची सर्टिफिकेटं एका फाइलमध्ये लावा, जन्मतारखेच्या कागदात काही चलाखी करू नका, कारण आता ज्युनिअर स्पर्धांना मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात आणि पकडला गेला तर पोराचंच नुकसान. बारावी सुटू देऊ नका. एजंट म्हणून कोणी ट्रायलसाठी पैसे मागितले तर आधी त्याचं फिफाचं लायसन्स मागा, आणि पैसे देऊ नका.

आणि तू, भाऊ, जाहिरातीचा पीडीएफ आजच डाउनलोड करून ठेव, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री साइट हमखास बंद पडते.